पुढचं चाक



गेल्या महिन्यातली गोष्ट. रविवारी सकाळी नऊच्या सुमारास माझी भाची दारात उभी राहिली. कपडे मुरुमाने माखलेले, कोपर खरचटलेलं आणि हातात सायकलचं पुढचं चाक. चाक कसलं, तव्यावर वाकडा झालेला पापडच तो. सारोळ्याच्या जंगलातल्या उतारावर दगडाला धडकून सायकलने मान टाकली होती. मैत्रिणीच्या स्कूटरवर मागे बसून, चाक मांडीवर घेऊन ती थेट माझ्याकडे आली होती.

"मामू, नवं चाक घ्यायचंय. शर्यत जवळ आलीय. तुम्ही चला माझ्यासोबत."

ती इंजिनिअरिंगला आहे. सुट्टीच्या दिवशी साताऱ्याच्या डोंगरात, दौलताबादच्या घाटात, म्हैसमाळच्या वाटेवर सायकल चालवते. तिची सायकल डोंगरवाटांवरची, ज्या प्रकाराला क्रॉस कंट्री म्हणतात त्यातली. चढ, उतार, पायवाट, दगडगोटे, मध्येच एखादा कोरडा ओढा, असं सगळं ओलांडत लांब पल्ला गाठायचा. तुम्ही म्हणाल, कवीला चाकातलं काय कळतं? पण आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे की मी कविता लिहायच्या आधी तारा कसायला शिकलो. माझ्या मामूंचं शहागंजमध्ये सायकलचं दुकान होतं. शाळा सुटली की मी तिथे असायचो.

त्या चाकाकडे पाहताना मला आणखी एक चाक आठवलं. ते आधी सांगतो, कारण आजचं सगळं बोलणं त्याच्यावर उभं आहे.

मामूंचं दुकान भाड्याच्या सायकलींचं. मडगार्डवर पांढऱ्या रंगाने नंबर घातलेले, वहीत नाव आणि वेळ लिहायची, तासाच्या हिशेबाने पैसे. शुक्रवारी नमाजनंतर आणि रविवारी सकाळी पोरांची रांग लागायची. मी बारा वर्षांचा असेन. चाकाचा हब खोलणं, छर्रे रॉकेलमध्ये धुणं, ग्रीस भरून पुन्हा बसवणं हे काम माझ्याकडे होतं. एका रविवारी मी एका सायकलचं पुढचं चाक असंच भरलं, चिमट्यात बसवलं आणि दोन्ही बाजूंचे नट बोटांनी फिरवून ठेवले. पान्याने आवळायचे तेवढे बाकी होते. तेवढ्यात कुणीतरी चहा सांगायला पाठवलं. परत आलो तर ती सायकल भाड्याने गेलेली.

ती नेली होती माझ्याच वर्गातल्या मित्राने. पाणचक्कीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर एका खड्ड्यात सायकल उडाली, पुढचं चाक चिमट्यातून निसटून एकटंच पुढे गेलं आणि चिमटा रस्त्यात रुतला. मित्राचे समोरचे दोन दात गेले. हनुवटीला टाके पडले.

संध्याकाळी त्याचे वडील दुकानावर आले. मी आतल्या अंधारात टायरांच्या मागे उभा होतो. मामू म्हणाले, "नट आवळायचा माझ्याकडूनच राहिला." दवाखान्याचे पैसे त्यांनी दिले. सगळे गेल्यावर मला जवळ बसवलं. मारलं नाही, ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "पीछे का चाक गया तो आदमी रुकता. आगे का गया तो गिरता. याद रख."

सायकलविषयी मी पुढे बरंच वाचलं, पण पुढच्या चाकाबद्दल याहून नेमकं वाक्य मला कुठे सापडलेलं नाही. आणि गंमत अशी की सायकलचा दोनशे वर्षांचा इतिहास पाहिला तर तो बहुतांशी पुढच्या चाकाचाच इतिहास आहे.

जर्मनीतल्या मानहाइम शहरात १२ जून १८१७ रोजी कार्ल फॉन द्रेस नावाचा माणूस आपलं लाकडी दुचाकी यंत्र घेऊन रस्त्यावर आला. पायडल नव्हतं, चेन नव्हती. दोन चाकं एकामागे एक, मध्ये बैठक, आणि पायांनी जमीन मागे ढकलत पुढे जायचं. चाकं बैलगाडीसारखीच लाकडी. मग नवं काय होतं? नवं एवढंच की पुढचं चाक हाताने वळवता येत होतं. ज्या बाजूला कलतो त्या बाजूला चाक वळवलं की तोल सावरतो, हे माणसाला तेव्हा उमगलं. दोन चाकांवर माणूस उभा राहू शकतो तो पुढचं चाक वळतं म्हणून. हँडल करकचून घट्ट केलेली सायकल कसलेल्या माणसालाही चालवता येत नाही.

पुढे १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्याच चाकाच्या मध्याला पायडल बसवले गेले. म्हणजे दिशा दाखवायचं कामही त्याचं आणि ओढायचं कामही त्याचं. चाकं लाकडाची, वरून लोखंडी धाव. दगडी रस्त्यावरून चालवणाऱ्याची हाडं खिळखिळी व्हायची, म्हणून इंग्रजांनी तिचं नावच 'हाडं हलवणारी' असं ठेवलं.

आता पायडल थेट चाकाला असेल तर पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचाही एकच फेरा होणार. मग जास्त अंतर तोडायचं तर काय करायचं? चाक मोठं करायचं. पण लाकडाचं चाक मोठं केलं की ते जड होतं. इथे तारेने वाट मोकळी केली. १८६९ मध्ये पॅरिसच्या यूजीन मेयरने ताणलेल्या तारांच्या चाकाचं पेटंट घेतलं. पुढच्या वर्षी इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत जेम्स स्टार्ली आणि विल्यम हिलमन यांनी 'एरियल' नावाची तारेच्या चाकांची सायकल आणली. पुढचं चाक माणसाच्या छातीपर्यंत, मागचं ताटाएवढं. चित्रात आपण पाहतो ती.

श्रोतेहो, लाकडी चाक आणि तारेचं चाक यांतला फरक समजून घेण्यासारखा आहे. बैलगाडीच्या चाकात आरे खांबासारखे काम करतात. गाडीचं वजन तुंब्यावर येतं आणि खालचा आरा ते पेलतो. तो दबून उभा असतो. सायकलची तार मात्र ओढू शकते, ढकलू शकत नाही. दाबली तर ती वाकते. म्हणून तारेच्या चाकात सगळ्या तारा आधीच ताणून ठेवतात. वजन आलं की खालच्या तारांचा ताण थोडा कमी होतो, एवढंच. जॉब्स्ट ब्रँड या अभियंत्याने १९८१ मध्ये सायकलच्या चाकावर एक पुस्तक लिहिलं, त्यात हा हिशेब नीट मांडला आहे. ताण जोवर पूर्ण संपत नाही तोवर चाक उभं राहतं. आमच्या मामूंनी ते पुस्तक पाहिलेलं नव्हतं. पण ते बोटाच्या नखाने तार छेडायचे, आवाज ऐकायचे आणि सांगायचे, ही ढिली, ही ठीक, ही जास्त झाली. सतार लावावी तसं चाक लावायचे. मराठी कारागीर याला 'आउट काढणं' म्हणतात. चाक उलट्या सायकलवर फिरवायचं, कुठे डुलतं ते पाहायचं, त्या जागेची एक तार आवळायची, समोरची सोडायची.

एरियलच्या तारा मधल्या हबपासून सरळ कडेपर्यंत जात, सूर्याच्या किरणांसारख्या. पण पायडलची ताकद हबला मिळे आणि तिथून ती तारांमार्फत कडेला पोचवायची असे. सरळ तारा ही पिळवट सोसत नसत. १८७४ मध्ये स्टार्लीने तारा तिरक्या, एकमेकींना ओलांडत जाणाऱ्या केल्या. अर्ध्या तारा पुढे ओढतात, अर्ध्या मागे. आज तुमच्या दारात उभ्या असलेल्या सायकलचं चाक पाहा, स्टार्लीची तीच वीण त्यात दिसेल. ती नीट ध्यानात ठेवा, आपल्याला पुढे लागणार आहे.

त्या उंच सायकलींच्या काळात सायकल घेणं म्हणजे पुढचं चाक निवडणं, हेच होतं. दुकानदार शिंप्यासारखी गिऱ्हाइकाच्या पायाची आतल्या बाजूची लांबी मोजायचा, कारण पाय पायडलला पोचला पाहिजे. जितका पाय लांब तितकं चाक मोठं, आणि तितका वेग जास्त. पन्नास इंची चाक एका फेऱ्यात चार मीटर जायचं. उंच माणूस आपोआप वेगवान ठरायचा. आणि बसायची जागा जवळपास चाकाच्या माथ्यावर असल्याने, पुढे एखादा दगड आला की माणूस हँडलवरून डोक्यावर पडायचा. आगे का गया तो गिरता!

अशाच पन्नास इंची चाकाच्या सायकलवर थॉमस स्टीव्हन्स नावाचा माणूस २२ एप्रिल १८८४ रोजी सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला आणि डिसेंबर १८८६ मध्ये जपानच्या योकोहामाला पोचला. त्या वाटेत १८८६ साली तो लाहोरपासून कलकत्त्यापर्यंत ग्रँड ट्रंक रस्त्याने आला होता. माणसाच्या छातीइतक्या चाकावर बसलेला तो गोरा पाहून रस्त्याकडेच्या लोकांना काय वाटलं असेल, याची कल्पना करून पाहा.

१८८५ मध्ये जेम्स स्टार्लीचाच पुतण्या जॉन केम्प स्टार्ली याने 'रोव्हर' ही सायकल आणली. पायडल मध्ये, चेन मागच्या चाकाला. पुढच्या चाकावरचं ओढायचं ओझं उतरलं. तीनच वर्षांनी, १८८८ मध्ये, बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचं टायर तयार केलं. तेव्हापासून आजपर्यंत सायकलचा सांगाडा फारसा बदललेला नाही. पुढच्या चाकाकडे तीन कामं उरली. दिशा दाखवणं, खड्डा सगळ्यात आधी झेलणं आणि थांबताना सगळ्यात जास्त जोर सोसणं. ब्रेक लावला की अंगाचा सारा भार पुढे येतो, म्हणून नीट थांबवतो तो पुढचाच ब्रेक.

आपल्याकडे सायकल आली ती हीच, विलायती शिक्क्याची. रॅले, हर्क्युलिस, हंबर, बीएसए. अठ्ठावीस इंची मोठी चाकं, जाड पोलादी कडं, सळईचे ब्रेक. पुढच्या चाकाला ३२ तारा, मागच्याला ४०, कारण बसणाऱ्याचं, कॅरिअरचं आणि धान्याच्या पोत्याचं वजन मागेच येतं. नंतर सायकली इथेच बनू लागल्या. मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना होता. बंगालमध्ये आसनसोलजवळ सेन-रॅले. या दोन्ही कंपन्यांचं १९८० मध्ये कायदा करून राष्ट्रीयीकरण झालं. मद्रासला टीआय, सोनीपतला ॲटलास, आणि १९५६ पासून लुधियानात हिरो. १९८६ मध्ये हिरोची नोंद जगातली सगळ्यात मोठी सायकल उत्पादक म्हणून झाली. ॲटलासचा साहिबाबादचा शेवटचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद पडला. तो नेमका जागतिक सायकल दिन होता.

मराठवाड्यातल्या मास्तराने, तलाठ्याने, दूधवाल्याने, पोस्टमनने हीच काळी सायकल चालवली. डांबरी रस्ता गावापर्यंत पोचला नव्हता. काळ्या मातीतली गाडीवाट, उन्हाळ्यात फुफाटा, पावसाळ्यात चिखल, बांधाला सराटे, कुंपणाला बाभळी. आज ज्याला डोंगरवाटांची सायकलिंग म्हणतात ते त्या माणसांचं रोजचं कामावर जाणं होतं. फक्त त्याला कुणी खेळ म्हणत नव्हतं.

आणि याहून मोठं धाडस करणारे महाराष्ट्रात होते. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रवासाला निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे १८ मार्च १९२८ रोजी परत मुंबईत पोचले. साडेचार वर्षं, सुमारे ७१,००० किलोमीटर. बलुचिस्तान, इराण, इराक, सिनाईचं वाळवंट, युरोप, अमेरिका, जपान, चीन, ब्रह्मदेश. गिअर नसलेल्या सायकलींवर. वाटेतला दगड मोठ्या, साध्या, तारेच्या चाकाने झेलायचा, एवढंच त्यांच्या हाती होतं.

मग डोंगरात चालवायची वेगळी सायकल आली कुठून? कॅलिफोर्नियातल्या मरीन भागातून. तिथल्या पोरांनी १९७० च्या दशकात जुन्या, भंगारात पडलेल्या, जाड टायरच्या सायकली टमालपाइस डोंगराजवळच्या मातीच्या उतारांवरून सोडायला सुरुवात केली. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांची पहिली शर्यत झाली. त्या उताराचं नाव 'रिपॅक'. नाव असं पडलं की उलटं पायडल मारून लागणारा मागचा ब्रेक त्या उतारावर इतका तापायचा की हबमधलं ग्रीस जळून जायचं आणि खाली पोचल्यावर ते पुन्हा भरावं लागायचं. हे मी वाचलं तेव्हा मला शहागंजमधली माझी रॉकेलची थाळी आठवली.

त्या पोरांच्या सायकलींना २६ इंची चाकं होती. का होती? श्विन कंपनीने १९३३ मध्ये मुलांसाठी जाड टायरच्या २६ इंची सायकली काढल्या होत्या, त्या भंगारात स्वस्त मिळत. एवढंच कारण. जो ब्रीझने १९७७ मध्ये डोंगरासाठी खास सांगाडा बनवला, गॅरी फिशर आणि टॉम रिची यांनी पुढे व्यवसाय उभा केला, १९८१ मध्ये 'स्टम्पजंपर' ही सायकल कारखान्यातून निघू लागली, १९९६ मध्ये अटलांटा ऑलिम्पिकमध्ये क्रॉस कंट्रीचा समावेश झाला. पण चाक २६ इंचीच राहिलं. जे हाताशी होतं तेच नियम होऊन बसलं. आपल्याकडेही जाड टायरच्या, आडव्या हँडलच्या सायकली आल्या. लोक सगळ्यांनाच सरसकट 'रेंजर' म्हणू लागले. त्यांची चाकंही २६ इंचीच. मोठ्या चाकाची काळी सायकल आजोबांची ठरली आणि माळ्यावर गेली.

नवं शतक उजाडता उजाडता काहींनी विचारलं, चाक मोठं का नको? मोठं चाक दगडावर जास्त सहज चढतं, खड्ड्यात कमी उतरतं. बैलगाडीचं चाक मोठं असतं ते याच कारणाने. तिथून २९ इंची चाक आलं. आधी लोक हसले. मग २७.५ ची मधली वाट निघाली. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये पुरुषांच्या शर्यतीत २९ इंची चाकावरच्या यारोस्लाव्ह कुल्हावीने २७.५ वरच्या निनो शुर्टरला अवघ्या एका सेकंदाने हरवलं. चार वर्षांनी रिओमध्ये शुर्टर जिंकला, तेव्हा त्याच्याही सायकलला २९ इंची चाकं होती.

आता एक हिशेब सांगतो. कडं जिथे टायर धरतं तिथला व्यास मोजला तर २६ इंचीचा भरतो ५५९ मिलिमीटर, २७.५ चा ५८४ आणि २९ चा ६२२. आणि आपल्या आजोबांच्या काळ्या अठ्ठावीस इंचीचा? ६३५. म्हणजे अठ्ठावीसचं कडं एकोणतीसच्या कड्याहून तेरा मिलिमीटरने मोठं! हे कसं? कारण ही नावं टायरसकट उंचीवरून पडली आहेत. काळ्या सायकलचं टायर दीड इंची, डोंगरातल्या सायकलचं सव्वादोन इंची किंवा त्याहून जाड. चाळीस वर्षं फिरून जग पुन्हा मोठ्या चाकाजवळ आलं. मी हे भाचीला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे नाना बरोबर होते." नाना म्हणजे माझे अब्बा. त्यांनी आयुष्यभर एकच सायकल चालवली.

असो. आम्ही दुकानात गेलो. नव्या धर्तीचं, काचेचं, गार हवेचं दुकान. विक्रेता तरुण होता, विषयाचा जाणकार होता. त्याने तीन चाकं समोर ठेवली. पहिलं कार्बनचं, हातात घेतलं तर कागदासारखं हलकं, तारा मोजून २४. दुसरं अ‍ॅल्युमिनियमचं, २८ तारांचं. तिसरं नुसतं कडं आणि हब, ३२ छिद्रांचं, तारा बाहेरून विणून घ्यायच्या. कार्बनच्या चाकाची किंमत ऐकून मला वाटलं, एवढ्यात मामूंच्या दुकानातल्या सगळ्या सायकली आल्या असत्या, वर हवेचा पंप.

आधी जे निवडायचं नसतं ते बाजूला काढलं. चाकाचा आकार सायकलच्या चिमट्याने ठरवलेला असतो. तिचा चिमटा २९ चा, म्हणून चाक २९ चं. चिमट्याच्या दोन पायांमधलं अंतर ११० मिलिमीटर, आस १५ मिलिमीटर जाडीची, म्हणून हबही तसाच हवा. ब्रेकची चकती हबला कशी बसते, सहा स्क्रूंनी की एका कड्याने, तेही जुळायला हवं. यात चूक झाली तर सोन्याचं चाकही उपयोगाचं नाही.

मग खरी निवड. हलकं की टिकाऊ? कडेचं वजन कमी असेल तर चाक लवकर वेग धरतं, चढावर बरं वाटतं, हे खरं आहे. पण आपले डोंगर काळ्या बसाल्ट खडकाचे. धारदार दगड, सैल मुरूम. कार्बनचं कडं फुटलं तर ठोकून सरळ होत नाही. अ‍ॅल्युमिनियम वाकतं, पण बऱ्याचदा घरी परत आणतं. तारा जितक्या जास्त तितका एक तुटली तर बाकीच्यांवर भार कमी पडतो. ३२ तारांच्या चाकातली एक तार गेली तर आउट काढून संध्याकाळपर्यंत चालवता येतं.

आणखी एक गोष्ट. जुन्या सायकलचा ब्रेक कडेलाच घासायचा. थांबवायची ताकद कडेतच राहायची, तारांवर यायची नाही. आता ब्रेकची चकती हबला असते. ब्रेक लागला की हब थांबतो आणि कड्याला थांबवायचं काम तारांवर पडतं. म्हणजे १८७४ मध्ये स्टार्लीपुढे जो पिळवटीचा प्रश्न होता तोच दीडशे वर्षांनी उलट्या दिशेने परत आला आहे. उत्तरही तेच, तिरक्या, एकमेकींना ओलांडणाऱ्या तारा. मी भाचीला म्हटलं, दिसायला सुंदर म्हणून सरळ तारांचं चाक कुणी दाखवलं तर चकतीच्या ब्रेकसाठी घेऊ नकोस.

काट्यांचंही पाहिलं. सराटा आणि वेडी बाभूळ मराठवाड्यात कुणाला सोडत नाही. आता बिनट्यूबची टायरं मिळतात, १९९९ पासून ती डोंगरी सायकलींना बसू लागली. आत एक चिकट द्रव असतो, काटा गेला तर तो छिद्रापाशी येऊन सुकतो. कडं त्या टायरला चालणारं हवं, आणि आतून थोडं रुंद, तीसेक मिलिमीटर, म्हणजे जाड टायर नीट बसतं.

शेवटी तिने स्वतःच ठरवलं. ३२ छिद्रांचं अ‍ॅल्युमिनियमचं कडं, हब आणि तारा. "विणायचं कुणी?" तिने विचारलं.

मामू जाऊन बरीच वर्षं झाली. दुकान त्याआधीच गेलं. वाळूजला कारखाने आले, लोकांनी हप्त्यावर मोटारसायकली घेतल्या, भाड्याची सायकल कुणाला लागेना. पण मामूंच्या हाताखाली शिकलेले एक मिस्त्री अजून आहेत, सत्तरीतले. आम्ही त्यांच्याकडे गेलो. त्यांनी नवा हब हातात फिरवून पाहिला, आसेच्या जागेचं मोठं भोक पाहून हसले. म्हणाले, "बेटी, तारेची लांबी तू मोबाइलवर काढ. ताण मी काढतो." तासाभरात चाक विणून झालं. प्रत्येक तार तीन तारांना ओलांडून गेलेली. मग ते नखाने एकेक तार छेडू लागले आणि मी डोळे मिटले. आवाज तोच होता.

घरी येऊन चाक बसवलं. हल्लीच्या सायकलींना नट नसतात. जाड दांडा चिमट्याच्या एका पायातून शिरतो, हबमधून आरपार जातो आणि दुसऱ्या पायात आट्यांनी बसतो. मधल्या काळात झटक्यात उघडणारी कळ होती. ती इटलीच्या टुलिओ काम्पान्योलोने १९३० मध्ये आणली. पण चकतीच्या ब्रेकचा जोर चाक चिमट्याबाहेर ढकलू शकतो असं दिसून आलं, म्हणून डोंगरात आरपार दांडा आला. तो काढल्याशिवाय चाक चिमट्यातून निसटूच शकत नाही. मी तो दांडा बराच वेळ पाहत राहिलो. बारा वर्षांच्या पोराची एक चूक कुणीतरी कायमची अशक्य करून ठेवली होती.

तरीही, दांडा शेवटपर्यंत कोण आवळतो हे उरतंच. भाची म्हणाली, "मामू, तुम्ही आवळा." मी बिस्मिल्ला म्हणून आवळला. मग तिला म्हटलं, आता तू तपास. दर वेळी निघण्याआधी तूच तपास, मी आवळलाय म्हणून सोडू नकोस.

राहिला तो मित्र. चाळीसेक वर्षांत मी त्याला कधी खरं सांगितलं नव्हतं. तो मामूंच्या मयतीला आला होता, खांदाही दिला होता, तेव्हाही माझी जीभ उचलली नाही. या भाषणाचं टिपण लिहायला बसलो तेव्हा जाणवलं, हे आधी त्याला सांगायला हवं, मग माइकसमोर. गेल्या आठवड्यात त्याच्या घरी गेलो. सगळं ऐकून तो थोडा वेळ गप्प बसला. मग बसवलेल्या दातांवरून जीभ फिरवत म्हणाला, "म्हणजे मामूंना मी इतकी वर्षं उगाच मनात बोल लावत होतो." मी काही बोललो नाही. चहा आला. निघताना तो दारापर्यंत आला आणि म्हणाला, "रेडिओवर सांग. माझं नाव नको घेऊस, मामूंचं सांग."

म्हणून सांगितलं. मामूंकडून नट राहिला नव्हता. तो माझ्याकडून राहिला होता.

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)